दुर्बिणीचे मागचे टोक

साठ मिलिमीटरच्या स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावर बहुतेक वेळा '५२५ पट' असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि मुलांसाठी दुर्बीण घ्यायला निघालेले आईवडील त्या आकड्यावरच भाळतात. आकडा तसा खोटा नसतो. दुर्बिणीचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर आणि सोबत आलेला सर्वांत छोटा आयपीस, म्हणजे डोळ्याशी बसणारे भिंग, ४ मिलिमीटर नाभीय अंतराचा. ७०० ला ४ ने भागले की १७५ येतात, त्यात विशालन तिप्पट करणारे बार्लो नावाचे मधले भिंग बसवले की ५२५. गणित बरोबर असूनही त्याचा उपयोग शून्य असतो, कारण दुर्बिणीला झेपणारे विशालन तिच्या व्यासाच्या मिलिमीटरांच्या साधारण दुपटीपर्यंतच असते. म्हणजे साठ मिलिमीटरला फार तर १२० पट. त्यापुढे चित्र नुसते फुगते आणि फुगता फुगता मंद होत जाते. त्याच खोक्यात 'एच २०' असे कोरलेला, कुणाचे लक्षही न जाणारा दुसरा आयपीस असतो. तो लावला तर ३५ पटींत शनीचे कडे ओळखू येते.

त्या 'एच'मागे ख्रिस्तियान हायगन्स आहे. १६५५ मध्ये शनीचा टायटन हा उपग्रह शोधणाऱ्या या डच शास्त्रज्ञाने १६६० च्या दशकात दोन भिंगांचा आयपीस बांधला, आणि साडेतीनशे वर्षांहून जुनी ती रचना आजही स्वस्त खोक्यांतून विकली जाते. ४ मिलिमीटरच्या आयपीसवर 'एसआर' लिहिलेले असते. त्यातला 'आर' जेसी रॅम्सडेन या अठराव्या शतकातल्या इंग्रज कारागिराचा. त्या काळच्या लांबलचक दुर्बिणींना या रचना शोभत असत, आजच्या आखूड दुर्बिणींना त्या पुरत नाहीत. दुर्बीण घेताना आपण आरशाचा व्यास विचारतो, स्टँड हलवून बघतो, आणि मागच्या टोकाला जे बसते ते मात्र सोबत आले म्हणून चालवून घेतो. माझ्या मते त्या टोकाचा विचार दुर्बिणीइतकाच करायला हवा, आणि त्याची सुरुवात विशालनापासून न करता आपला डोळा आणि आपल्या डोक्यावरचे आकाश यांच्यापासून करायला हवी.

हौशी मंडळींत नेहमी दिसणारी आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे हाताने ढकलून फिरवायची आरशाची दुर्बीण, उदाहरणाला घेतो. आरशाचा व्यास २०३ मिलिमीटर, नाभीय अंतर १२००, म्हणजे व्यासाच्या सहापट, एफ ६. भर दिवसा, तिचे तोंड सूर्यापासून पुरते दूर, मोकळ्या निळ्या आकाशाकडे करावे, २५ मिलिमीटरचा आयपीस बसवावा आणि डोळा न लावता हातभर मागे उभे राहून नुसते त्याच्याकडे बघावे. आयपीसच्या काळसर तोंडाशी, काचेच्या किंचित बाहेर तरंगत असल्यासारखी, प्रकाशाची एक गोल टिकली दिसते आणि तिच्या मधोमध दुय्यम आरशाचा काळा ठिपका असतो. मान हलवली की टिकली काठाआड सरकते. पारदर्शक फूटपट्टी धरून मोजली तर ती चार मिलिमीटरांच्या थोडी वर भरते. २५ चा काढून १० चा लावला की तीच टिकली पावणेदोन मिलिमीटरांच्या आसपास येते. दुर्बिणीने गोळा केलेला सगळा प्रकाश या टिकलीतून बाहेर पडतो. हिलाच एक्झिट प्युपिल म्हणतात. आयपीसच्या नाभीय अंतराला दुर्बिणीच्या एफ-आकड्याने भागले की तिचा व्यास मिळतो. मोजपट्टीचीही गरज नाही.

आता डोळ्याची बाजू. अंधाराला सरावलेली तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरांपर्यंत उघडते, आणि पन्नाशीच्या आसपास बहुतेकांची पाचवरच थांबते. तांब्याची धार बाटलीच्या तोंडापेक्षा जाड असली की पाणी बाहेर सांडते, तसाच टिकली बाहुलीपेक्षा मोठी असली की प्रकाश वाया जातो. या दुर्बिणीला ४२ मिलिमीटरचा आयपीस लावला तर टिकली बरोबर सात मिलिमीटरची होते. पाच मिलिमीटरच्या बाहुलीत तिच्यातला जेमतेम अर्धा प्रकाश शिरतो, म्हणजे आठ इंची आरशाचे पैसे मोजून आपण पावणेसहा इंची आरसा वापरत असतो. पंचविशीतल्या मुलीने एखाद्या आयपीसची मनापासून तारीफ केली आणि तोच तिच्या वडिलांना मिळमिळीत वाटला, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

आकाशाची बाजू याहून महत्त्वाची आहे आणि परदेशी समीक्षा वाचून आयपीस मागवणारे आपल्याकडचे लोक नेमकी तीच विसरतात. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या काळ्याकुट्ट आकाशाखाली पाच-सहा मिलिमीटरच्या एक्झिट प्युपिलची शिफारस योग्यच आहे. मुंबई, ठाणे, पुणे किंवा नाशिकच्या गच्चीवर तोच आयपीस लावला की नजरेत राखाडी धुके भरते, कारण मोठी टिकली तेजोमेघाबरोबर शहराच्या दिव्यांचा उजेडही तितक्याच उदारपणे डोळ्यात ओतते. विशालन वाढवले, म्हणजेच टिकली लहान केली, की पार्श्वभूमी काळी होत जाते. तारे बिंदुरूप असल्यामुळे त्यांचे तेज त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून ते उठून दिसू लागतात. शौरी तारकासमूहातला एम १३ हा बंदिस्त तारकागुच्छ शहरातून ४० पटींत खडूचा पुसट डाग असतो; दीडशे पटींच्या आसपास त्याच डागाच्या कडा फुटून बारीक तारे वेगळे होऊ लागतात. दीर्घिका आणि तेजोमेघ यांचे मात्र तसे होत नाही. विशालनाने ते आणि आकाश सारखेच मंदावतात, दोघांतला फरक आहे तेवढाच राहतो. तरीही त्यांना थोडे मोठे करून पाहिल्याने फायदा होतो, कारण अंधूक उजेडात आपल्या डोळ्याला लहान डागापेक्षा मोठा डाग सहज जाणवतो. सिंह राशीतल्या एम ६५ आणि एम ६६ या दीर्घिका गावाकडच्या बऱ्या आकाशात शंभर पटींत ज्या सहजतेने दिसतात, त्या सहजतेने चाळीस पटींत दिसत नाहीत.

या सगळ्याचा मध्य दोन मिलिमीटरच्या एक्झिट प्युपिलवर येतो. एफ ६ च्या दुर्बिणीसाठी तो १२ मिलिमीटरचा आयपीस, शंभर पट. एकच चांगला आयपीस घ्यायचे पैसे असतील तर मी डोळे झाकून हाच घ्यायला सांगेन. चंद्र त्यात भरून येतो, गुरूचे पट्टे दिसतात, शनी दिसतो, तारकागुच्छ खुलतात आणि शहरातला उजेड बराचसा आवरतो. सोबत आलेला २५ चा शोधाशोधीला आणि मोठ्या वस्तूंना चालतो. तिसरा कोणता घ्यायचा हा प्रश्न वर्षभर आकाश पाहिल्यावरच विचारावा.

चष्मेवाल्यांचे गणित वेगळे असते आणि मी स्वतः चष्मेवाला असल्यामुळे त्यावर जरा रेंगाळतो. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून ठेवावा, फोकसरची, म्हणजे आयपीस आत-बाहेर सरकवणाऱ्या नळीची, कळ फिरवली की तो नंबर भरून निघतो. चष्म्याच्या कागदावर सिलिंड्रिकल नंबरही लिहिलेला असेल तर फोकसर काही करू शकत नाही. तारे रेघेसारखे ताणलेले दिसतात. तोही दोष एक्झिट प्युपिल मोठी असतानाच छळतो. टिकली एक-दीड मिलिमीटरची झाली की डोळ्याच्या मध्यातला इतका छोटा भाग वापरला जातो की दोष जवळपास जाणवत नाही. म्हणजे ग्रह बिनचष्म्याने आणि मोठे तेजोमेघ चष्म्याने, अशी विभागणी होते. चष्मा लावून पाहायचे तर काचेपासून टिकलीपर्यंतचे अंतर, म्हणजे आय रिलीफ, किमान १५ मिलिमीटर आणि शक्यतो २० हवे. प्लॉसल या साध्या, प्रचलित रचनेच्या आयपीसमध्ये ते नाभीय अंतराच्या सुमारे सत्तर टक्के असते. ३२ चा प्लॉसल या हिशेबात आरामात बसतो, १० च्या प्लॉसलला सात मिलिमीटर मिळतात, आणि ६ च्या प्लॉसलमध्ये पापण्यांचे केस काचेला घासून तिच्यावर तेलकट रेघ उमटते, मग गुरू पाहिला तर त्याला शेपूट फुटलेले असते.

गावातल्या शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन असले की हे फार चटकन कळते. रांग लागलेली असते, पदर सावरत एक आजी पुढे येतात, दोन्ही हातांनी आयपीस घट्ट धरतात आणि डोळा काचेवर टेकवतात. "काही नाही रे बाळा, नुसता काळोख आहे." "आजी, चष्मा राहू द्या, हात सोडा, आणि डोळा थोडा मागे घ्या. अजून थोडा." मग अचानक, "अगं बाई, कडं आहे की त्याला!" डोळा टिकलीवर आला की चित्र उजळते, जरा पुढे किंवा बाजूला गेला की विझते, अनुभवी माणूस ही जागा नकळत साधतो, नवख्याला ती शोधावी लागते. अशा रांगेसाठी लांब आय रिलीफचा, मऊ रबरी कडा असलेला मध्यम आयपीस लाख मोलाचा. महागडा, अतिरुंद दृश्याचा आयपीस तिथे उलट अडचणीचा, कारण त्यातल्या काहींना डोळा अगदी नेमक्या जागी धरावा लागतो आणि जरा हलला की घेवड्याच्या आकाराची काळी सावली नजरेत फिरू लागते.

रुंद दृश्याचा मोह मात्र मला समजतो. व्हिएन्नाच्या गेऑर्ग सिमोन प्लॉसलने १८६० मध्ये दोन जोडभिंगे समोरासमोर ठेवून बनवलेला आयपीस डोळ्याला सुमारे ५० अंश रुंद भासणारे दृश्य देतो. अपोलोच्या चांद्रवीरांच्या सरावासाठी नासाला लागणाऱ्या सिम्युलेटरांच्या भिंगांवर काम केलेल्या अल नॅग्लर यांनी पुढे टेलिव्ह्यू ही कंपनी काढली आणि १९८० च्या सुमारास ८२ अंशांचा आयपीस बाजारात आणला. २००७ मध्ये त्याच कंपनीचा शंभर अंशांचा ईथॉस आला. प्लॉसलमध्ये आकाशाभोवती काळी चौकट सतत जाणवते, ८२ अंशांत ती नजरेच्या कडेला जाते, आणि शंभरात तिला शोधायला डोळा फिरवावा लागतो. डॉब्सोनियन हाताने ढकलावी लागत असल्याने याचा व्यवहारातला फायदाही आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर मिनिटाला १५ कला, म्हणजे पाव अंश, सरकतो. दोनशे पटींत ५० अंशांचा आयपीस आकाशाचा १५ कलांचाच तुकडा दाखवतो, म्हणजे शनी एका कडेने आत येऊन मिनिटभरात दुसऱ्या कडेने निघून जातो. ८२ अंशांत तोच दीड मिनिटाहून जास्त टिकतो. मिनिटभरात डोळा जेमतेम स्थिरावतो, हवा शांत होण्याची वाट बघायला वेळच उरत नाही, आणि शनीच्या कड्यातली कॅसिनीची फट तर हवेच्या त्या एखाद्या शांत क्षणातच दिसते.

याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. पैशांची उघडच आहे, एका नामांकित रुंद आयपीसच्या किमतीत एक लहान दुर्बीण येते. वजनाची कुणी सांगत नाही. ३१ मिलिमीटरचा नॅग्लर जवळपास एक किलोचा आहे आणि तो लावताच हलक्या डॉब्सोनियनचे तोंड जमिनीकडे झुकते. स्वस्त रुंद आयपीस मिळतात, पण एफ ५ सारख्या आखूड दुर्बिणीत त्यांच्या कडेचे तारे पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे होतात. एफ १० च्या दुर्बिणीत तेच आयपीस बऱ्यापैकी वागतात, कारण तिथे प्रकाशाचा शंकू निमुळता असतो. म्हणून 'हा आयपीस चांगला आहे का' या प्रश्नाला 'दुर्बीण कोणती' या प्रतिप्रश्नाशिवाय उत्तर नसते. सव्वा इंची नळीच्या आयपीसमधून आकाशाचा किती भाग दिसेल यालाही नळीच्या रुंदीने घातलेली मर्यादा आहे. आपल्या उदाहरणातल्या दुर्बिणीत ती सुमारे १.३ अंश, आणि दोन इंची नळीत सुमारे २.२. सव्वा इंची नळीत ३२ च्या जागी ४० मिलिमीटरचा प्लॉसल घेतला तर आकाश जवळपास तेवढेच दिसते, फक्त लहान होऊन आणि अधिक अरुंद भोकातून. तो घेण्यात काही हशील नाही.

आपल्या अक्षांशावरून या रुंदीचा उपयोग उत्तरेकडच्या देशांपेक्षा जास्त आहे. एप्रिलच्या मध्यावर मध्यरात्री दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी पुण्याहून क्षितिजाच्या २४ अंश वर येतो. लंडनला तो उगवतच नाही. पूर्ण चंद्राहून मोठा पसरलेला हा तारकागुच्छ शंभर पटींत प्लॉसलच्या चौकटीला भिडतो, आणि ६८ किंवा ८२ अंशांच्या आयपीसमध्ये त्याच्या कडेला काळे आकाशही दिसते. ते काळे आकाश असल्याशिवाय गुच्छ गुच्छासारखा वाटत नाही. कृत्तिकांसाठी मात्र दोन इंची नळीही जेमतेम पुरते आणि देवयानी दीर्घिका तिच्यातही मावत नाही; त्या दोन्हींसाठी साधी द्विनेत्री उत्तम.

जास्त विशालनाच्या आयपीसवर पैसे घालायची घाई करू नये, असे मी सगळ्यांना सांगत आलो आहे आणि फार थोडे ऐकतात. आठ इंची दुर्बिणीला कागदावर चारशे पट झेपतात. आपल्या हवेत दोनशे पटींचा ६ मिलिमीटरचा आयपीस ज्या रात्री खरोखर कामाला येतो अशा रात्री मोजक्या असतात. शहरातल्या गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत ती ऊब वर सोडत राहतो. त्यावर ठेवलेल्या दुर्बिणीत गुरू उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा थरथरतो आणि दोष आयपीसला दिला जातो. मातीवर किंवा गवतावर दुर्बीण ठेवली, आरसा तासभर बाहेर निवू दिला, तर तोच आयपीस सुधारल्यासारखा वाटतो. हिवाळ्यात आकाश स्वच्छ म्हणून हवा स्थिर असतेच असे नाही. एप्रिल-मेच्या किंचित धुरकट, दमट रात्री ग्रहांसाठी अनेकदा अधिक चांगल्या असतात. एक्झिट प्युपिल पाऊण मिलिमीटरच्या खाली गेली की आपल्याच डोळ्यातले तरंगते तंतू चंद्रावर फिरू लागतात, तोही एक इशारा समजावा. आणि आयपीसला पेचाने बसणारा 'सन' लिहिलेला काळा फिल्टर खोक्यात निघाला, तर तो त्याच दिवशी फोडून टाकावा. सूर्याची एकवटलेली उष्णता त्याच्यावर पडते, काच तडकली तर डोळा वाचत नाही. सूर्यासाठीचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच बसवायचा असतो.

कोकणात आणि मुंबईत आयपीसचा खरा शत्रू पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर आकाश नसते, आयपीस कपाटात असतो, आणि ऑक्टोबरात टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहिले तर भिंगाच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले दिसतात. ही बुरशी कोटिंग खाते आणि भिंगांच्या फटीत शिरली की घरी निघत नाही. फोमचे कप्पे असलेली देखणी पेटी ओलावा धरून ठेवते. घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला डबा आणि त्यात वरचेवर तापवून कोरडे केलेले सिलिका जेल हे तिच्यापेक्षा बरे. फोटोग्राफर वापरतात तसे ड्राय कॅबिनेट परवडले तर उत्तमच. जुना आयपीस विकत घेताना मी तरी टॉर्च घेऊनच जातो.

छायाचित्रणाचा विषय निघाला की आयपीसचे महत्त्व एकदम घसरते, आणि हे दुकानदार सहसा सांगत नाही. दूरच्या तेजोमेघांचे आणि दीर्घिकांचे फोटो काढताना कॅमेरा आयपीसच्या जागी बसतो, दुर्बीण स्वतःच कॅमेऱ्याचे भिंग होते. तिथे पैसे इक्वेटोरियल माउंटमध्ये, म्हणजे ताऱ्यांच्या सरकण्याबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीत, घालावे लागतात. फिल्मच्या काळी ग्रहांसाठी आयपीसमधून प्रतिमा मोठी करून फिल्मवर पाडायची पद्धत होती. आता कॅमेऱ्याचे पिक्सेल इतके बारीक झाले आहेत की बार्लो भिंग पुरते. एफ-आकडा पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या मापाच्या सुमारे पाचपट असावा, असा ग्रहांसाठीचा ढोबळ नियम आहे. २.९ मायक्रॉनच्या कॅमेऱ्याला एफ १४.५ लागतो, आणि एफ ६ च्या दुर्बिणीवर अडीचपट बार्लो तो जवळपास नेमका देते. काही न्यूटोनियन, म्हणजे डॉब्सोनियनसारख्या आरशाच्या, दुर्बिणींत डीएसएलआर कॅमेरा फोकसला येतच नाही, कारण फोकसर पुरेसा आत जात नाही. बार्लो फोकस बाहेर ढकलून ती अडचणही दूर करते.

आयपीस उरतो तो मोबाइलवाल्यांसाठी, आणि आपल्याकडे चंद्राचे बहुतेक फोटो त्याच वाटेने निघतात. मोबाइल पकडणारा क्लॅम्प घ्यावा, हाताने धरण्यात जीव जातो. आयपीस लांब आय रिलीफचा हवा, कारण मोबाइलचे भिंग काचेआड थोडे आत असते, आणि एक्झिट प्युपिल तीनएक मिलिमीटरपेक्षा मोठी असून फायदा नाही, मोबाइलचे तोंडच तेवढे लहान असते. चंद्रावर बोट दाबून एक्स्पोजर कुलूपबंद करावे आणि उजेड बराच खाली ओढावा, नाहीतर विवरे पांढऱ्यात बुडतात. ग्रहासाठी फोटोपेक्षा मिनिट-दीड मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा आणि ऑटोस्टॅकर्टसारख्या मोफत सॉफ्टवेअरकडून त्यातल्या शांत हवेतल्या फ्रेम निवडून एकत्र करून घ्याव्यात. गुरूच्या बाबतीत व्हिडिओ फार लांबवू नये, तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या पट्ट्यांतले बारकावे पुसले जातात. माउंट आणि कॅमेरा घेऊन पैसे उरलेच, तर १२ मिलिमीटरचा तो आयपीस छायाचित्रकारानेही घ्यावा. ग्रहांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा असतो, त्याच्यावर गुरू पाडण्यासाठी आधी आयपीस लावून त्याला दृश्याच्या बरोबर मध्यावर आणावे लागते.